डबा नेईन, निरोप नाही

पोपटराव एसटीच्या दारातून आत घातलेला हात मागे घ्यायला तयार नव्हते. हातात मुलाच्या लग्नाची पत्रिका होती, तिच्यावर अक्षतांची पुडी होती, आणि पायरीच्या वर खाकी गणवेशात त्यांची लेक हर्षदा तिकिटाचं मशीन धरून उभी होती.

“चौफुल्याला तुझ्या आईला दे, एवढंच. गाडी थांबतीच तिथं.”

“आप्पा, डबा असता तर नेला असता. ही मी न्यायची न्हाई.”

सकाळी सव्वादहाला न्हावऱ्याच्या थांब्यावर बरीच गर्दी असते. त्या गर्दीला बापलेकीचा हा सामना फुकटात बघायला मिळाला, त्यामुळे चढायची घाई कुणीच केली नाही. ड्रायव्हर संपतमामा आरशातून बघत होते. चार वर्षं हर्षदाबरोबर शिरूर-दौंड केल्यामुळे ही पोरगी वाकायची नाही हे त्यांना माहीत होतं, आणि पोपटराव तिचेच वडील असल्यामुळे तेही वाकायचे नाहीत असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी सरळ इंजिन बंद केलं.

हर्षदाचा हा खाक्या त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होता. दवाखान्यातल्या माणसाचा डबा, शेळीचं औषध, हॉस्टेलच्या पोरीचा घरी राहिलेला चार्जर, काहीही द्या, ती सीटखाली नीट ठेवून ज्याच्या त्याच्या हातात देई. मात्र ‘त्याला सांग, मी रविवारी येत नाही,’ असं कुणी म्हणालं की ती म्हणे, फोन लावा की. सुरुवातीला लोकांना ती खडूस वाटली, मग सवय झाली.

हा नियम ती शिकून आली होती. नऊ वर्षांची असताना तिच्या आईवडिलांची फारकत झाली. पोरं न्हावऱ्याला वडिलांकडे राहिली आणि दर दुसऱ्या शनिवारी ती आणि सहा वर्षांचा मल्हार याच गाडीनं आईकडे जाऊ लागली. आई, सुलक्षणा, मूळची भांडगावची. पण भावांच्या घरात तोंड वर करून राहता येणार नाही म्हणून तिनं चौफुल्याला स्टँडमागे खोली घेतली आणि खाणावळ टाकली. पोरांबरोबर गाडीत निरोप असायचे. तिला म्हणावं, पोरांना खायला घालून फितवू नकोस. त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या आईला आवर. निरोप चौफुल्यापर्यंत पाठ करत जायचा, तो ऐकून आईचा चेहरा उतरायचा, आणि आपणच काहीतरी वाईट केलं असं पोरीला वाटायचं. शनिवार आला की हर्षदाचं पोट दुखू लागे. औषधं झाली, अंगारा झाला, दुखणं काही हटेना.

शेवटी शिरूरच्या डॉक्टरांनी ओकबाईंचं नाव सांगितलं. आईबाप वेगळे झालेल्या पोरांसाठी या बाई पुण्याहून येऊन आठ बुधवार शिरूरच्या एका शाळेत गट घ्यायच्या. सुनेशी कधी न पटलेली विठाबाई, म्हणजे हर्षदाची आजी, नातीला बोटाला धरून आठही बुधवारी घेऊन गेली आणि व्हरांड्यात वाती वळत बसली. आत पोरं नाटक करायची. एक पोर बाप व्हायचं, एक आई, आणि तिसऱ्यानं मध्ये उभं राहून म्हणायचं, ‘हे तुमचं तुम्हीच सांगा.’ तीन बुधवार हर्षदाच्या घशातून आवाज फुटला नाही. चौथ्या बुधवारी ती इतक्या मोठ्यांदा ओरडली की काय झालं बघायला शिपाई धावत आला. पुढच्या शनिवारी हेच वाक्य तिनं घरी म्हटलं. पोपटरावांनी हात उगारला, आणि का कोण जाणे, खाली घेतला. पोटदुखी तेव्हापासून गेली ती गेलीच.

मल्हारला मात्र लहान म्हणून गटात घेतलं नव्हतं. तो निरोप नेतच राहिला, पुढे पुढे तर पदरचं तिखटमीठ लावून. आता चोविशीत त्याचं डोकं कधी भडकेल याचा नेम नव्हता आणि आईशी तो वर्षभर बोलला नव्हता.

गेल्याच आठवड्यात करिश्मा नावाच्या मुलीचा पुण्याहून फोन आला होता. ओकबाईंच्या गटातली पोरं मोठी झाल्यावर कशी आहेत, यावर ती अभ्यास करत होती. झोप कशी लागते, काम कसं चाललंय, संसार कसा आहे, एक ते पाच आकड्यांत सांगा म्हणाली. हर्षदानं मोकळ्या हातानं चार आणि पाच वाटले. सूरज, तिचा नवरा, सणसवाडीला कंपनीत होता. त्याच्याशी वाजलं की ती भांडी आपटत नसे, त्याच्यासमोर बसून भांडे, आणि भांडण संपलं की दोघं जेवत. ते खरोखरच पाचाचं होतं. मग करिश्मानं विचारलं, त्या गटामुळे काही नुकसान झालं असं वाटतं का? पंधरा दिवसांनी फोन करा, हर्षदा म्हणाली.

कारण नुकसान झालं होतं. ती सतरा वर्षांची असताना विठाबाईनं अंथरूण धरलं. एका दुपारी आजी म्हणाली, सुलक्षणेला सांग, एकदा येऊन जा, माझं तिला काही बोलायचं राहिलंय. आणि हर्षदानं, आजीनंच बोटाला धरून शिकवायला नेलेल्या हर्षदानं, आजीला सांगितलं की आप्पांना फोन करायला सांग. आजीनं मुलाला सांगितलं. पोपटराव हो म्हणाले आणि त्यांनी फोन केला नाही. सहाव्या दिवशी विठाबाई गेली. एक वाक्य चौफुल्यापर्यंत नेलं असतं तर काय बिघडलं असतं, हे हर्षदा दहा वर्षं स्वतःला विचारत होती. नियमावर तिचा विश्वास होता. त्या एका दिवसापुरता मात्र तो डळमळायचा.

आणि आज पत्रिकेच्या रूपानं पुन्हा तसाच निरोप दारात उभा होता. मल्हारचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. त्यातून पोपटरावांनी एक भलताच पराक्रम करून ठेवला होता. आपल्या नावाशेजारी त्यांनी सुलक्षणाचं नाव छापलं होतं, तिला न विचारता. आता छापून झाल्यावर त्यांचे हातपाय गार पडले होते.

“नाव बघून ती फाडून टाकील,” ते हळू आवाजात म्हणाले. “तू दिलीस तर न्हाई फाडायची.”

“म्हणूनच तुम्ही द्या. ती आली न्हाई तर मल्हार मला बोल लावंल. लावू द्या. पर मी न्हाई नेणार.” एवढं बोलताना तिचा आवाज स्थिर होता.

पोपटरावांनी पत्रिका सदऱ्याच्या खिशात सारली आणि ते गाडीत चढले. हर्षदानं त्यांना चौफुल्याचं फुल तिकीट दिलं. संपतमामांनी इंजिन सुरू केलं.

चौफुल्याला ते उतरले आणि हॉटेलांच्या रांगेमागे दिसेनासे झाले. गाडी पुढे दौंडला गेली. दौंडच्या स्टँडवर अर्धा तास मुक्काम होता, संपतमामा जेवले, हर्षदाचा डबा उघडलाच गेला नाही. संपतमामांनी आपल्यातली भाकरी पुढे केली तरी ती नको म्हणाली.

दीड वाजता गाडी परत चौफुल्याला आली तेव्हा पोपटराव थांब्यावर एकटेच उभे होते. खिशात पत्रिका नव्हती. ते येऊन दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले. हर्षदानं तिकीट दिलं आणि काही विचारलं नाही.

“चहा दिला,” पोपटराव आपणहून म्हणाले. “मी वाचून दाखवतो म्हनलं, तर न्हाई म्हनली. माझाच चष्मा घेतला आन् सोता वाचली. वाचून आत गेली ती भाईर आलीच न्हाई. बसलो घटकाभर, आन् आलो.”

गाडीत माणसं चढत होती. पोपटराव खिडकीकडे बघत राहिले. मग तसंच बघत म्हणाले, “म्हातारीच्या वक्ताला मीच फोन कराया पायजे व्हता. मला जमलं न्हाई. तुझी काय चूक नव्हती, पोरी.”

हर्षदानं मान हलवली. दहा वर्षं वाट पाहिलेलं वाक्य असं भर दुपारी, तिकिटं फाडता फाडता मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं पुढच्या माणसाला विचारलं, कुठं जायचं? तो म्हणाला, न्हावरा. तिनं त्याला पुन्हा विचारलं.

तेवढ्यात दारात हाक आली. सुलक्षणा उभी होती. पदराला पिठाचे हात पुसलेले, चालून दम लागलेला, हातात चष्मा.

“हर्षे, हा तुझ्या आप्पांना दे. इसरून आले.”

चष्मा ही वस्तू होती. तो न्यायला नियमाची आडकाठी नव्हती. हर्षदाचा हात पुढे गेलासुद्धा. पण चष्म्याचा मालक तीन फुटांवर बसला होता. तिनं हात मागे घेतला आणि ती दारातून बाजूला झाली.

“वर ये आई. ते हितंच हायेत.”

सुलक्षणानं लेकीकडे एकदा रागानं बघितलं. मग दांडीला धरून ती दोन पायऱ्या चढली आणि तिनं चष्मा पोपटरावांच्या समोर धरला.

“आत्याबाईंच्या येळंला मला कुणी बोलवलं न्हाई,” ती म्हणाली. “मी वाट बघितली व्हती.”

“व्हय. चुकलं माझं,” पोपटराव म्हणाले.

“आज आलात.” ती म्हणाली. “नाव ऱ्हाऊ द्या. मी येते. मल्हारला मीच फोन करीन, तुम्ही काय सांगू नका.”

पोपटरावांनी चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला. लहानपणी कितीतरी शनिवारी हर्षदा याच सीटवर बसून एकच गोष्ट मागायची, की एकदा तरी ही दोघं या गाडीत आपल्याबरोबर असावीत. आज होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही. गाडीला दहा मिनिटं उशीर झाला होता, संपतमामा आरशातून बघत होते, तरी तिचा हात घंटीच्या दोरीकडे जाईना.

मग सुलक्षणा वळली आणि पायऱ्या उतरून खाली गेली. ती उतरणार हे हर्षदाला माहीत होतं. तिनं दार ओढून घेतलं, वडिलांच्या शेजारची रिकामी जागा एका म्हाताऱ्या बाईला दाखवली, आणि दोनदा घंटी दिली.