उलटे आटे

जावईबापूंना लेथ चालवता येत नव्हता. चालवणं राहू दे, त्याचं बटण कुठल्या बाजूला आहे तेही त्यांनी कधी पाहिलं नसेल. पण शहरात हाताने घडवलेल्या पेनांचे जे काही शौकीन होते, त्यांच्या तोंडी कौतुक ते जावईबापूंच्याच हाताचं. काय तो हात! काय ती नजर! असलं काही पुढच्या दुकानातून कानावर आलं की मागच्या खोलीत लेथपाशी उभी असलेली ताई दातओठ खायची. मात्र हातातली पटाशी तिने कधी तसूभर हलू दिली नाही.

दुकान मुळात ताईच्या वडिलांचं, अप्पांचं. त्यांना दोन मुली. थोरली ताई कळायला लागल्यापासून लेथला चिकटलेली, आणि धाकटीला भुशाने शिंका यायच्या. अप्पांनी आपला हात आणि लेथ दिला थोरलीला आणि दुकान दिलं धाकटीच्या नवऱ्याला. का, तर गिऱ्हाइकाशी बोलायला गोड माणूस लागतो. ताईची जीभ म्हणजे कानस, हे त्यांचंच म्हणणं. ताईने लग्नही केलं नव्हतं, तेव्हा तिला काय, मागची एक खोली पुरे. त्या खोलीत लेथ, खाट, स्टोव्ह आणि ताई. अप्पा गेले आणि जावईबापू बाकी सगळ्याचे धनी झाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त हा नागोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि अत्तर लावायचा.

एके दिवशी हे अत्तर पडदा सारून आत आलं.

"ताई, अप्पांची ती कांडी काढायची वेळ आली बरं का."

ताईने लेथ बंद केला. ती कांडी म्हणजे सेल्युलॉइडची, बोटभर जाड, मधाच्या रंगाची, आत काळसर लाटा फिरलेली. फार पूर्वी कंगव्यांचा एक कारखाना बुडाला तेव्हा अप्पांनी तिथून चार-दोन कांड्या आणल्या होत्या. सेल्युलॉइड हे प्लास्टिक मोठं लहरी. त्यात कापूर असतो, आणि ताज्या कांडीचं पेन केलं तर ते पुढे आक्रसतं, वाकडं होतं. म्हणून कांडी वर्षानुवर्षं माळ्यावर मुरत ठेवायची. बाकीच्या कधीच्याच संपल्या. ही एक अप्पांनी कापडात गुंडाळून ताईच्या हातात दिली होती आणि म्हणाले होते, "ही तुझी. घाई करू नकोस."

"कशासाठी काढायची?" ताईने विचारलं.

"प्रदर्शन आहे. मोठं. संग्रहालयवाले एकच पेन निवडणार आणि कायमचं काचेत ठेवणार. खाली कारागिराच्या नावाची पाटी."

"कुणाच्या नावाची?"

जावईबापू हसले. त्यांचं हसणंही दुकानातल्या काउंटरसारखं पुसून लख्ख केलेलं असायचं. "आता घरातल्या घरात काय हो माझं नि तुझं? नाव दुकानाचं असतं ताई, हाताचं नसतं."

"मग दुकानाचंच घाला."

"पाटीवर माणसाचंच नाव लागतं म्हणतात." त्यांनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला भुसा रुमालाला पुसला. "आणि काय आहे, ही खोली मला गोदामाला हवीच होती. पण मी म्हटलं, असू दे, आपल्या ताई आहेत. खाल्ल्या मिठाला जागतातच त्या."

खाल्ल्या मिठाला! मीठ कुणाचं, खाल्लं कुणी! ताईच्या तोंडावर आलेलं उत्तर बाहेर पडलं असतं तर जावईबापूंना पळता भुई थोडी झाली असती. पण तिने ते गिळलं आणि पटाशी पुसायला घेतली. धाकटी चहाचा कप घेऊन पडद्यापाशी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

नवरा गेल्यावर धाकटीने कप फळीवर ठेवला.

"ऐकलंस ना?" ताई म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय, ताई? तू इथे कडी लावून बसतेस. मला त्याच्याशेजारी राहायचंय."

ताईला तिचाही संताप आला. लहानपणी हिच्या पाटीवरची गणितं आपण सोडवली, आणि ही आता नवऱ्याच्या खोटेपणावर झाकण घालत फिरते! तिने पाठ फिरवून लेथ पुन्हा सुरू केला तेव्हा धाकटीला शिंक आली आणि ती निघून गेली.

ताईने कांडी काढली. दुपारी दुकान बंद असताना ती काम करायची, कारण तेव्हा पुढून अत्तर येत नसे. सेल्युलॉइडचं काम म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. पटाशी जरा जोरात लावली की ते तापतं, आणि तापलं की भडकतं, काडी लागल्यासारखं. म्हणून सगळं हळू, आणि निघालेली प्रत्येक साल लगेच पाण्याच्या बादलीत. खोलीभर कापराचा वास सुटला. मधाच्या रंगाखालून काळी लाट वर येत गेली. ताईचा हात चालत होता आणि डोकं दुसरीकडेच होतं. सूड घ्यायचा. कसा?

पेन वाईट करायचं? छे! वाईट काम तिच्या हातून झालंच नसतं. आणि झालं असतं तरी त्या लबाडाने तिच्याच माथी मारलं असतं. पेन चोरून स्वतःच्या नावाने पाठवायचं? तिला ओळखतो कोण? चार माणसांत ताई म्हणजे दुकानात पॉलिश करणारी मेहुणी.

शाई भरायची सोय करताना तिला सुचलं. पेनाच्या शेपटाला एक छोटं झाकण ठेवायचं होतं. ते फिरवून काढलं की आतला दांडा मिळतो, दांडा ओढला की पेन शाई पितं. हे झाकण ताई असं बसवायची की सांधा शोधून सापडत नसे. इकडची लाट तिकडच्या लाटेला बरोबर मिळायची. आता ह्या झाकणाला आटे पाडायचे होते. तिने खण उघडला. नेहमीच्या आट्यांच्या हत्याराशेजारी अप्पांचं दुसरं एक हत्यार पडलं होतं, उलटे आटे पाडायचं.

डबा, बाटली, बरणी, जगातलं सगळं एकाच बाजूला फिरवलं की उघडतं. उलटे आटे असतात ते सायकलच्या डाव्या पेडलला नि असेच कुठेकुठे. उलट्या आट्यांचं झाकण नेहमीसारखं उघडायला जावं तर ते उघडत नाही, आणखी आवळतं. आणि आवळतच राहिलं तर? आट्यांपाशी सेल्युलॉइडची भिंत कागदाएवढी पातळ असते.

ज्याने पेन केलं त्याला ते कसं उघडतं हे माहीत असणारच. ताईला हसू फुटलं. खूप दिवसांनी फुटलं होतं, त्यामुळे जरा वाईटच दिसलं असेल.

पण हत्यार हातात घेतल्यावर ती थबकली. ही शेवटची कांडी. असली पुन्हा मिळायची नाही, आणि मिळाली तरी मुरेपर्यंत आपण राहू की नाही कुणास ठाऊक. अप्पा, माफ करा, असं ती मनात म्हणाली. आणि मग तिला अप्पांचाच राग आला. माफ कसलं करता? तुम्हीच करून ठेवलंय हे! गोड माणूस हवा म्हणे. घ्या गोड माणूस. तिने उलटे आटे पाडले, आणि इतके सुरेख पाडले की झाकण लोण्यात फिरल्यासारखं फिरलं.

प्रदर्शनाच्या सकाळी तिने शाई भरून पेन जावईबापूंच्या हातात ठेवलं. त्यांनी टोपण उघडलं. टोपणाचे आटे सरळ होते. त्यांनी कागदावर झोकात सही केली, पेन उजेडात फिरवलं आणि म्हणाले, "वा! जमलं हो मला."

मला! वर तिलाच सांगतो! शाई कशी भरायची हे त्यांनी विचारलं नाही. आपल्याला ठाऊक नाही असं काही जगात असू शकतं, हे त्या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि ताईनेही आपणहून सांगितलं नाही.

सभागृहात खुर्च्यांच्या रांगा होत्या, पुढे लांब टेबल, टेबलावर मखमलीच्या तुकड्यांवर पेनं. ताई नि धाकटी शेजारी-शेजारी बसल्या. परीक्षक होत्या एक वयस्क बाई, गळ्यात भिंग अडकवलेलं, आयुष्यभर पेनं गोळा केलेल्या. त्या एकेका पेनापाशी थांबत, कारागिराला दोन प्रश्न विचारत आणि पुढे जात. जावईबापूंच्या पेनापाशी आल्या आणि पुढे जाईनात. भिंग लावून पाहिलं, वास घेतला, पुन्हा पाहिलं.

"किती वर्षं मुरवलीत कांडी?"

"पुष्कळ," जावईबापू म्हणाले. "सबुरी लागते बाई ह्या कामाला. मी नेहमी म्हणतो, हात घाईला आला की काम गेलं."

लोक कौतुकाने हसले. ताईने खुर्चीची कड घट्ट धरली. तिचंच वाक्य, तिच्याच खोलीतून उचललेलं.

"हेच आमच्या काचेत जाणार," बाई म्हणाल्या. "पण शाई कुठून भरता? मला सांधाच सापडत नाहीये. दाखवा ना उघडून."

जावईबापूंनी पेन घेतलं. पुढच्या बाजूने पाहिलं, मागच्या बाजूने पाहिलं. शेपटाकडे असणार एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी शेपूट चिमटीत धरून फिरवलं, नेहमीसारखं, बरणी उघडतात तसं. हललं नाही. "नवीन आहे ना, जरा घट्ट आहे," असं म्हणून त्यांनी रुमाल गुंडाळला आणि जोर लावला.

सेल्युलॉइड तुटायच्या आधी करकरतं. तो बारीक आवाज सभागृहात एकट्या ताईला ओळखू आला. तिच्या घशाशी शब्द आले, उलटं फिरव रे मेल्या, उलटं! पेन वाचलं असतं. तिने जीभ दाताखाली धरली, रक्त येईपर्यंत.

काट्‌कन आवाज झाला आणि शेपूट रुमालात राहिलं. काळी लाट मधोमध चिरली होती, आणि जावईबापूंच्या इस्त्रीच्या शर्टावर निळी शाई ओघळत होती.

पण हार मानेल तो गोड माणूस कसला! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अरेरे! बाई, माफी असावी. शेवटचा हात मेहुणीचा होता, पॉलिशचा. त्या बसल्यात बघा तिथे. आट्यांत काहीतरी कचरा ठेवला असणार त्यांनी. एकेकाचं काम, काय बोलणार!"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. ताई उठली आणि सरळ टेबलाकडे चालत गेली.

"आटे बघा," ती बाईंना म्हणाली. "कचरा आहे का ते बघा."

बाईंनी तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला. मग त्यांनी जावईबापूंकडे पाहिलं. "आटे उलटे आहेत."

"हो, म्हणजे ती आमची खास पद्धत आहे," जावईबापू म्हणाले.

"मग तुम्ही सरळ का फिरवलंत?"

जावईबापू रुमालाने शर्टावरची शाई पुसायला लागले. बाईंनी ताईला विचारलं, "तुम्ही पाडलेत हे?"

"मी पाडले. पेनही मीच केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"उलटे का पाडलेत? इतकं देखणं काम!"

"घरात चोर आहे, बाई. घरात चोर असला की कुलूप उलटंच लावावं लागतं."

हे एक वाक्य ऐकवण्यासाठी ताईने अप्पांची कांडी जाळल्यासारखीच घालवली होती, आणि तिला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. उलट छाती भरून आली. पण जावईबापू सावरले.

"बघा, ही अशी आहे!" तिच्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. आज पहिल्यांदाच 'अहो ताई' सुटलं होतं. "आम्ही पोसायचं आणि हिने चारचौघांत चोर म्हणायचं. मत्सर, दुसरं काय! माझ्या बायकोला विचारा, तिची सख्खी बहीण आहे. ती खोटं बोलायची नाही. सांग गं, पेनं कोण करतं आपल्याकडे?"

धाकटी उभी राहिली. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, संपलं. ही त्याच्याच बाजूने बोलणार.

"ताई करते," धाकटी म्हणाली. "सगळी. आजवरची एकूण एक. ह्यांना लेथ सुरूसुद्धा करता येत नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी. जावईबापूंभोवती माणसं जमली. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं होतं ती सगळी, एकाच वेळी विचारायला लागली. बाईंनी पाटीचा कोरा कागद ताईपुढे सरकवला आणि तिचं नाव लिहायला सांगितलं. पेन तुटलेलं का असेना, काचेत तेच जाणार होतं, उलट्या आट्यांसकट. ताईने नाव लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर धाकटी उभी होती. चेहरा पांढराफटक.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता मला घरी जायचंय त्या माणसाबरोबर."

सुडाचे एवढे बेत रचताना हा विचार ताईच्या मनाला शिवला नव्हता. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे म्हणजे कुठे गं? खोली त्याचीच आहे."

आतून जावईबापूंचा आवाज येत होता. ते अजून समजावत होते, आणि कुणी ऐकत नव्हतं. धाकटीने एकदा दाराकडे पाहिलं, नाक पुसलं आणि पर्समधून दुकानाची किल्ली काढली.

"लेथ अप्पांनी तुला दिला होता ना?"

"हो. पण जड आहे तो."

"असू दे जड. ह्या सगळ्यांना उत्तरं देऊन तो सुटेपर्यंत बराच वेळ जाईल," धाकटी म्हणाली. "तू कोपऱ्यावर टेम्पो मिळतो का बघ. मी पुढे होऊन शटर उघडते."