नावाआधीचा ‘मा.’

गावाचं नाव सांगत नाही. प्रवरेकाठचं आहे, नेवासे तालुक्यातलं, एवढं पुरे. त्या गावात ‘मा.’ या अक्षराला जो मान आहे तो देवळातल्या पुजाऱ्यालाही नाही. बॅनर असो, लग्नपत्रिका असो की मोबाईलवरचा ग्रुप, माणसाच्या नावाआधी ‘मा.’ पाहिजेच. खुर्चीवर असेल तर माननीय, खुर्ची गेली की माजी. अक्षर तेच, त्यामुळे एकदा चिकटलं की सरणापर्यंत निघत नाही. डेअरीच्या निवडणुकीत सपाटून पडलेले गडीसुद्धा ‘मा.’ लावून हिंडतात.

लावलं नाही ते एका बनुबाई बर्डेला. आणि ती तर गावची सरपंच होती.

झालं असं की, सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव निघालं. गावात आदिवासी म्हणजे ओढ्यापलीकडची भिल्लांची अकरा घरं. ज्या वस्तीवर गावातलं कोणी पाणी प्यायलाही थांबत नसे, तिथे गावपुढारी गोरक्षतात्या चपला काढून बनुबाईच्या ओट्यावर बसले. “तुला काई करायचं न्हाई, बनुबाई. सही करायची अन् फोटोला यायचं. बाकीचं बघायला आमी हाय की.” निवडणूक झाली, बनुबाई सरपंच झाली, तात्या उपसरपंच. मग गाव ‘ओ सरपंच’ म्हणून हाक मारायचं ती तात्यांना, आणि तात्याही निर्लज्जपणे ओ द्यायचे.

बनुबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षराला अक्षर लावून वाचायची. ग्रुपवर फोटो आला की चुलीपुढचं काम टाकून ती खालच्या ओळीवर बोट फिरवायची. ‘उपस्थित : मा. उपसरपंच गोरक्षतात्या, मा. चेअरमन भिमाजीअण्णा आणि बनुबाई.’ ते ‘आणि’ तिला बाभळीच्या काट्यासारखं बोचायचं. लई मोठं काही मागत नव्हती ती. एक अक्षर आणि त्यापुढचा ठिपका, बस.

एकदा धीर करून तिने पंचायतीत विचारलंच. “तात्या, माज्या नावाम्होरं बी ते ‘मा.’ लावा की.”

तात्या गडगडाटी हसले. “आगं, तू तर घरचीच! घरच्या मानसाला कुटं माननीय म्हनत्यात व्हय?”

त्याच वेळी चहा आला. सगळ्यांना कपबशीत, आणि घरच्या माणसाला कागदी कपात.

पुढे एकदा वस्तीवर नळ हवा, हे तिने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. “राम राम मंडळी, मी सरपंच बोलते,” इथून सुरुवात. उत्तर एकच आलं. कोणीतरी लिहिलं, ‘कोटा बोलला!’ त्याखाली हसणारी तोंडं, मोजून एकोणतीस. दुसऱ्या दिवशी ग्रुपला कुलूप बसलं. लिहायचं ते फक्त ॲडमिनने. ॲडमिन अर्थातच तात्या. बनुबाईची मुलगी ज्ञानेश्वरी बारावीला, तिला वर्गातल्या मुलींकडून कळलं की खरा कारभार चालतो तो ‘कारभारी’ नावाच्या दुसऱ्याच ग्रुपवर. बनुबाईने तात्यांना म्हटलं, त्यात मलाबी घ्या. तात्या म्हणाले, “त्यात काय न्हाई गं, नुसतं गुड मॉर्निंग चालतं.”

तर अशी पाच वर्षं गेली. नळ आला नाही. पण कबूल करायला हवं, बनुबाईच्या मनाला नळापेक्षा ते अक्षरच जास्त लागून राहिलं होतं. नळ काय, पुढचा सरपंचही आणेल. हे तिचं तिलाच मिळायला हवं होतं. फोन वाजला की अजूनही तिचं बोट त्या ओळीवर जायचं.

मुदत संपली त्या दिवशी पंचायतीत निरोप झाला. शाल, नारळ, फोटो. या वेळी तिला मधोमध उभं केलं. ओढा ओलांडून ती घरी पोचते तोवर ज्ञानेश्वरी फोन घेऊन ओट्यावरच उभी होती.

“आये, आलं! ‘मा.’ आलं!”

बनुबाईने फोन हातात घेतला. बोट फिरवलं. होतं खरं. तिच्याच नावाआधी, ठिपक्यासकट. ‘आणि’ कुठेच नव्हतं. तिचा जीव सुपाएवढा झाला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला उमगलं.

“मोट्यानं वाच बरं,” ती म्हणाली.

पोरगी शहाणी. तिने खणखणीत वाचलं, “माननीय सरपंच सौभाग्यवती बनुबाई बर्डे यांचा सत्कार.”

“माननीय न्हाई ते, ज्ञाने. माजी हाय. आज दुपारी माजी झाले मी.”

“मला ठावं हाय,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

बनुबाईने ओट्यावर बसून खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. पलीकडे पंचायतीसमोर तात्यांची माणसं खुर्च्या उचलत होती.

“मंग आजून एक डाव वाच,” ती म्हणाली. “मगाशी वाचलंस, तसंच.”