पुढे चाल

खोटं वाटेल, पण ऑस्ट्रेलियातल्या टॅरंबी गावच्या संघाने त्या वर्षी विभागीय रग्बी लीग चषकाची अंतिम फेरी एकही सामना न खेळता गाठली. पहिल्या फेरीत चिठ्ठ्या काढताना त्यांच्यासमोर कुणी उरलंच नाही. पुढे चाल. दुसऱ्या फेरीच्या दिवशी नदी मैदानात आली आणि गोलच्या आडव्या दांडीवर पाणकावळे बसले, तेव्हा हॉटेलच्या बारमध्ये नाणं उडवून निकाल लावला. पुढे चाल. उपांत्य सामन्याला समोरच्या डंगरी गावचा अर्धा संघ गालगुंडाने सुजला. टॅरंबीकर बसमधून उतरून बूट घालत होते तेव्हा ही बातमी पोचली.

लिंडसे पकरिजला या प्रगतीचा वैताग आला होता. तो गावचा खाटीक, आणि संघात आठ नंबर. आठ नंबरचं काम समजायला सोपं आहे: चेंडू छातीशी धरायचा, समोरची माणसं जिथे सगळ्यात जाड दिसतील तिथे जाऊन आदळायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा आदळायचं. सतरा हंगाम तो हेच करत आला होता. दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि हा हंगाम शेवटचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला चषक नको होता. चषकाच्या अंतिम सामन्यात एकदा, फक्त एकदा, आदळायचं होतं.

पण उपांत्य सामन्याच्या दिवशी समोर आदळायलाच कुणी नव्हतं. राखीव दोघांनी बातमी ऐकताच दारूच्या दुकानाची वाट धरली. लिंडसेची बायको डेल्मा क्लबतर्फे सॉसेज विकायची, तिचा मनगटापासून हात प्लास्टरमध्ये. म्हणून लिंडसे तव्यापाशी जाऊन कांदे परतू लागला.

एवढ्यात कोच गार्थ टिंडेल धावत आला. "पक, चल लवकर. रेफरी म्हणतोय तेरा जणांनी उभं राहायलाच हवं. आपण किक मारायची, तो शिट्टी वाजवणार, मगच सामना आपला."

"समोर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग मी कशाला पाहिजे? माझे कांदे करपतील."

"अरे, तेरावा नाही आपल्याकडे."

लिंडसेने अंगातली जर्सी ओढून काढली आणि शेजारी ब्रेड हातात घेऊन आशेने उभ्या असलेल्या क्लॉड हेगनच्या अंगावर टाकली. क्लॉड हा बसचा ड्रायव्हर, वय एकसष्ट. "जा म्हातारबा, उभा राहून ये. किती भाजू तुला?"

"तीन," क्लॉड म्हणाला आणि जर्सीत शिरला.

मोकळ्या मैदानावर किक बसली. चेंडू एकटाच घरंगळत गेला, कुणीतरी त्याच्यामागे जाऊन तो रेषेपलीकडे टेकवला, आणि रेफरीने गंभीर चेहऱ्याने शिट्टी वाजवली. क्लॉडने उगाचच दोन उड्या मारल्या. मंडळी हसली. सगळ्यात जास्त लिंडसे हसला.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात सराव चालू असताना चषक समितीचे रोपर गाडीतून उतरले. रोपर कधी आवाज चढवत नसत. त्यांना तशी गरजच पडत नसे.

"पकरिज, शनिवारी तुम्हाला खेळता येणार नाही."

"का?"

"आधीच्या एका तरी फेरीत मैदानात उतरलेला माणूसच अंतिम सामन्याला चालतो. शेवटच्या आठवड्यात सिडनीहून तगडी पोरं उचलून आणतात लोक. त्यांच्यासाठी केलाय नियम."

"मी सिडनीहून आलोय?"

"तसं माझं म्हणणं नाही."

"अहो, आमच्यातलं कोण उतरलंय? आम्ही खेळलोच नाही."

"डंगरीविरुद्ध खेळलात."

"डंगरीवाले आलेच नव्हते."

"तो त्यांचा प्रश्न. तुमचे तेरा उभे होते. मी स्वतः होतो तिथे. तुम्ही सॉसेज भाजत होतात. दोन मीच खाल्ले. चांगले होते."

गार्थने कपाळाला हात लावला. "मग आमचा तेरावा कोण? राखीव दोघेही त्या दिवशी दारूच्या दुकानात होते."

रोपरांनी नुसतं कुंपणाकडे पाहिलं. तिथे क्लॉड वाकून पायाची बोटं धरायचा प्रयत्न करत होता. डंगरीच्या दिवसापासून तो सरावाला येऊन बसायचा. जर्सी धुऊन देतो म्हणाला होता, ती अजून दिलेली नव्हती.

गार्थने अपील केलं. अपील ऐकायला समितीतर्फे रोपरच बसले. लिंडसेने त्यांना गुडघे दाखवले, सतरा हंगाम सांगितले. रोपरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वाईट वाटतं म्हणाले, आणि ते त्यांना खरोखरच वाटत असावं. त्यामुळे लिंडसेला त्यांच्यावर धड ओरडताही येईना.

घरी डेल्मा म्हणाली, "कांदे मी परतते म्हटलं होतं."

"तुझा हात प्लास्टरमध्ये होता."

"एक."

लिंडसेने दुकानात जाऊन विनाकारण एक अख्खी मेंढी तोडली.

अंतिम सामना मिडो क्रॉसिंगशी होता. ते प्रत्येक फेरी रीतसर खेळून, रीतसर मार खाऊन आणि देऊन आले होते. टॅरंबीच्या बाजूने आठ नंबरची जर्सी घालून क्लॉड उभा राहिला. गार्थने त्याला अगदी कडेला, कुणाच्या पायात येणार नाही अशा जागी ठेवला होता. तरी चेंडू त्याच्याकडे गेलाच. क्लॉडने तो झेलला, चार पावलं टाकली, आणि कुणी हात लावायच्या आधीच पोटरी धरून खाली बसला. त्याला उचलून बाहेर आणलं. पुढचा सगळा सामना टॅरंबी बारा जणांनी खेळली.

लिंडसेला पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. पाणी द्यायला मैदानात शिरलेला माणूस मैदानात उतरला असं धरत नाहीत, हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं. शेवटच्या मिनिटांत गुणफलकावर चौदा-बारा. टॅरंबी दोन गुणांनी मागे, आणि मिडोची रेषा हाताच्या अंतरावर. आता फक्त एका जड माणसाने चेंडू घेऊन त्या भिंतीवर आदळायचं होतं. पोरांनी सवयीने चेंडू तिथे फेकला जिथे आठ नंबर असायचा. तिथे गवत होतं. चेंडू गवतावर टप्पा घेऊन कडेची रेषा ओलांडून बाहेर आला आणि थेट लिंडसेच्या छातीवर बसला. त्याने तो नेहमीसारखा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"द्या इकडे," रेफरी म्हणाला. मग शिट्टी झाली.

क्लॉडच्या पायावर बर्फाची पिशवी बांधली होती, त्यामुळे परतीला बस कोण चालवणार हा प्रश्न निघाला. मोठ्या गाडीचं लायसन्स फक्त मटणाचा ट्रक चालवणाऱ्या माणसाकडे होतं. लिंडसे ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

क्लॉड त्याच्यामागेच बसला होता, गळ्यात उपविजेत्याचं पदक. "तिसरा गिअर अडतो हं. हळू घाल."

लिंडसेने बस सुरू केली.

बऱ्याच वेळाने क्लॉडने पदक काढून पुढे धरलं. "घे. तसं तुझंच आहे. मी नुसती जागा धरून ठेवली होती."

"धरून ठेवलेली जागा परत देतात, क्लॉड."

"बरोबर आहे." क्लॉडने पदक पुन्हा गळ्यात घातलं. "जर्सी देतो मग. धुऊन."

लिंडसेने आरशात पाहिलं. जर्सीच्या बाहीवर क्लॉड जिथे बसकण मारून पडला होता तिथली माती लागली होती.

"धुऊ नकोस," तो म्हणाला. "तशीच दे."

मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर, वाटेत कुठेतरी थांबव रे, तहान लागलीय." सगळे हसले. लिंडसेने तिसरा गिअर टाकला. तो अडला.

"म्हटलं ना," क्लॉड म्हणाला, "हळू."