अप्पांच्या सह्या

वकीलबाई ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधीच आल्या, आणि धाकट्याचा उरलासुरला धीर तिथेच सुटला. अप्पांच्या कागदांच्या फाइलमधला एक कागद काढायचा की राहू द्यायचा, हे त्या दहा मिनिटांत त्याला ठरवायचे होते.

तो दप्तरखान्यात नोकरीला होता. क्रमांक घातलेल्या फाइलीतून पान काढणे त्याच्या खात्यात चोरीहून वाईट समजत. घरच्या फाइलीलाही त्याने सवयीने क्रमांक घातले होते. पाने सत्तेचाळीस होती. तो कागद एकतिसावा.

अप्पा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीपाशी बसले होते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती आणि त्याआधी त्यांना एक कायदेशीर लेख करून ठेवायचा होता. श्वास आपला आपण चालेनासा झाला तर मला यंत्रावर ठेवू नये, आणि हे माझे म्हणणे डॉक्टरांपुढे मांडण्याचा अधिकार माझ्या धाकट्या मुलाला असावा. दोन वर्षांपूर्वी आई जाण्याआधी एकोणीस दिवस यंत्रावर होती. त्या एकोणीस दिवसांनंतर अप्पांनी या घरात कुणाशी वाद म्हणून घातला नव्हता, एवढी एकच गोष्ट मागितली होती.

"मी आधीच सांगते," गोळ्यांची डबी भरता भरता ताई म्हणाली, "मला हे पसंत नाही. वेळ आली तर मी हरकत घेणार. सांगितलं नव्हतं असं मागाहून नको म्हणायला."

"घे की. लहानपणी तू औषधसुद्धा हरकत घेऊनच घ्यायचीस," अप्पा म्हणाले.

साक्षीला आलेला कारकून खुदकन हसला. वकीलबाईंनी आधी एका कोऱ्या कागदावर नमुन्याची सही मागितली. अप्पांनी पेन हातात घेतले. हयातभर ज्या हाताने नकाशे आखले होते, तो हात आता पाण्यावरच्या काडीसारखा हेलकावत होता. सही पुरी व्हायला चार मिनिटे लागली. भिंतीवरून मुंगी चालत जावी तशी ती कागदभर चालली.

वकीलबाईंनी फाइलमधल्या कागदाशी ती ताडून पाहिली आणि चष्मा काढला. "अप्पासाहेब, ही जुळत नाही. तीन महिन्यांपूर्वीची सही बघा, कशी सरळ, ठसठशीत आहे. कुणी हरकत घेतली तर पहिलं बोट इथेच ठेवतील."

"जुळेल कशी? ती माझी नाहीच." अप्पा मजेत आले होते. "सहा वर्षांपूर्वी टपाल कचेरीत माझ्याकडून तीनदा सही करून घेतली हो. मागची रांग हसत होती. त्या दिवसापासून हा करतो. माझ्यापेक्षा माझी सही हाच चांगली करतो."

"मग आज अंगठा..." वकीलबाई म्हणाल्या.

"अंगठा? रेघेला रेघ जोडून पोट भरलं मी. अंगठा नाही."

 सातवीत असताना प्रगतिपुस्तकावर धाकटा ही सही पहिल्यांदा करायला शिकला होता. आपल्याला जगात नीट येणारी ती एकच गोष्ट, असे त्याला पुढे कितीदा वाटले होते.

वकीलबाईंनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. मग असं करू. यातल्या कुठल्या सह्या तुमच्या आणि कुठल्या याच्या, याची यादी करते. शिवाय तुमच्या संमतीनं केल्या, असं हा स्वतःच्या नावानं लिहून देईल. म्हणजे तुमची आजची सहीच खरी ठरेल. पानं लावलेलीच आहेत, छान. ही?"

"त्याची."

"ही?"

"माझी. हात चांगला होता तेव्हाची."

पाने उलटत होती. प्रत्येक पानाला पारदर्शक कव्हर होते आणि ते उलटताना बारीक कुरकुरत असे. सतरा. अठरा. धाकट्याला वाटले, उठून पाणी आणावे. पण आपण उठलो तर खोलीतले सगळे आपल्याकडे पाहतील, म्हणून तो उठला नाही. ताईच्या हातातली डबी थांबली होती. तिला ठाऊक होते. तिनेच त्या दिवशी गाडीतून फोनवर रडत रडत सांगितले होते, मी पोचेपर्यंत आईला ठेव, काहीही कर, पण ठेव.

"राहू द्या ना," ताई एकदम म्हणाली. "दवाखान्याचे कागद कशाला बघता?"

"तेच तर बघायचे, बाई." एकोणतीस. तीस. "आणि ही?"

अप्पांनी मान पुढे काढली. "ही कसली?"

"यांच्या आईंना यंत्रावर ठेवायची संमती. पती म्हणून तुमची सही आहे."

 अप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. दोन वर्षे ते त्या डॉक्टरांना शिव्या देत आले होते, की मेल्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. आता त्यांनी सहीच्या रेघेवरून सावकाश बोट फिरवले, जसे पूर्वी कुणा नवशिक्याच्या नकाशावरून फिरवीत.

"मी बाकावर बसलो होतो," ते म्हणाले. "तुला सांगितलं होतं, तिला नको होतं. सांगितलं होतं ना?"

"हो, अप्पा."

"आणि तू आत गेलास."

"हो."

"हात जरासुद्धा हलला नाही रे तुझा."

ताई पुढे झाली. "अप्पा, मीच त्याला म्हटलं होतं. त्याला बोलू नका."

"तू म्हणालीस. त्यानं केलं. माझ्या नावानं."

वकीलबाई कागद आवरू लागल्या. पुन्हा कधीतरी बसू, असे काहीसे पुटपुटल्या. अप्पांनी हात वर केला. "नाही. आजच. याच्याकडून ते लिहून घ्या. फक्त ते एकतिसावं पान माझ्या संमतीनं नाही, तेही लिहा. आणि लेखात याचं नाव आहे ते काढा."

"कुणाचं घालू?"

"हिचं."

ताईने डबी खाली ठेवली. "अप्पा, मी तुम्हाला यंत्रावर ठेवीन. तोंडावर सांगतेय. हा कागद मी दाखवणारसुद्धा नाही कुणाला."

"ठाऊक आहे मला. पण तुझ्या नावानं ठेवशील."

"अप्पा, असं करू नका," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "माझ्यावर हवा तेवढा राग काढा. पण तुम्हाला जे नको आहे तेच..."

"आधी तुझं लिही."

त्याने लिहून दिले. खाली स्वतःच्या नावाची सही केली. मग वकीलबाईंनी लेखातले नाव बदलले, कडेला खूण केली आणि कागद अप्पांपुढे सरकवला. अप्पांनी पेन टेकवले, तसा कागद घसरला.

"धर," अप्पा त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

धाकट्याने दोन्ही हातांनी कागद दाबून धरला. पहिली रेघ निघाली, अडखळली, पुन्हा निघाली. पेनाची थरथर कागदातून त्याच्या बोटांपर्यंत पोचत होती, आणि अजून आडनाव यायचे होते.