मी धुराची टिपणं सांभाळली

कागद टोचून ठेवायची तार आहे मी, मित्रांनो, आणि चांगली म्हातारी आहे. खाली लाकडी चकती, वर आकडा आणि आकड्याला अणकुचीदार टोक. आलेला कागद टोकातून घालायचा आणि खाली सारायचा, एवढंच माझं काम. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून स्वतःच ओळख करून देते.

श्रीरामपूरच्या एका लोहाराने मला ठोकून सरळ केलं आणि मी एका कापसाच्या आडतीवर खिळ्याला लटकले. तिथले कारकून शामकांतराव माझे मोठे चाहते. कोणी चिठ्ठी गादीखाली सारली की ते ओरडत, "तारेला लावा, तारेला! तारेवरचा कागद हरवत नाही." ते ऐकून मी किती फुशारून जायची म्हणून सांगू! पुढे आडतीवर पुठ्ठ्याच्या फायली आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण निवृत्त झाल्यावर शामकांतरावांनी मला शोधून काढलं, पिशवीत घातलं आणि पुणतांब्याला घरी आणलं.

त्यांची मुलगी इंदू पुणतांब्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सारं गाव तिला इंदूबाई म्हणे, मग मीही तसंच म्हणू लागले. साल एकाहत्तर, थंडीचे दिवस. शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी गावकऱ्यांसाठी विज्ञानाचं एक भाषण असायचं, आणि दरवर्षी ते अर्ध्यावर आलं की माणसं धोतर झटकून उठायची. यंदा पाळी इंदूबाईंची होती. हेडमास्तरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं, "बाई, याही वर्षी मंडप रिकामा झाला तर पुढच्या वर्षापासून भाषण बंद. आपण जादूगार बोलावू. निदान लोक बसतील तरी." जादूगाराशी माझं काही वाकडं नाही, पण इंदूबाईंना ते बोलणं फार लागलं.

हवेतल्या वायूंमुळे पृथ्वी कशी तापते, हा विषय त्यांनी निवडला. सुट्टी आली की एसटीने कोपरगावच्या वाचनालयात जायचं, जाड जाड पुस्तकं चाळायची आणि घरी येऊन टिपण माझ्यावर टोचायचं. सगळ्यात आधी आलं काचघराचं टिपण. थंड देशांत काचेच्या घरात भाज्या लावतात, ऊन आत येतं पण ऊब बाहेर जात नाही, आणि हवेतले काही वायू तसंच काम करतात, असं त्यात होतं. त्यावर कार्बन डायऑक्साइड आला. त्यावर कोळसा, रॉकेल, पेट्रोल. शेवटचं टिपण मात्र पुस्तकातलं नव्हतं. एका संध्याकाळी स्टेशनवरून परतताना त्यांना ते सुचलं होतं.

टिपणं गोळा करण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. लिहायला बसल्या की मात्र पेन अडायचं. रोज एक पान लिहायचं असा त्यांचा निश्चय होता. पण "पृथ्वी हा सूर्यमालेतील एक ग्रह आहे" एवढं लिहून त्या कागद चुरगाळायच्या आणि म्हणायच्या, "अजून एक पुस्तक बघायला हवं." मला बोलता येत असतं तर म्हटलं असतं, बाई, पुरे झालं, माझी मान मोडेल!

गॅदरिंग अगदी तोंडावर आलं तेव्हा त्यांनी नवं सुरुवातीचं वाक्य शोधणं सोडून दिलं. प्रत्येक टिपणाच्याच पोटात, मागेपुढे, कोऱ्या जागेत मजकूर वाढवत नेला. ते जमलं. मग कागद पुन्हा पहिल्याच क्रमाने माझ्यावर चढवून त्या वडिलांना म्हणाल्या, "अण्णा, तारेवर आहेत तशीच सुवाच्य अक्षरात उतरवून द्याल? मला मंडपाच्या तयारीला जायचंय."

अण्णांचं अक्षर म्हणजे मोत्यांची माळ. त्यांनी सगळं उतरवलं, दोऱ्याने शिवलं आणि अस्सल कागद सोबत असावेत म्हणून मलाही मंडपात नेलं. इंदूबाईंनी पहिलं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अण्णा, हे सगळं उलटं झालंय!"

"उलटं कसलं? वरचा कागद आधी. आडतीवर जन्मभर असंच उतरवलं. तुझा एक शब्द बदलला नाही."

तेवढ्यात हेडमास्तरांनी नाव पुकारलं. आता काय करणार? बाई उभ्या राहिल्या आणि समोर होतं तेच वाचू लागल्या. "दौंडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन आपल्या स्टेशनातून निघतं. धूर गोदावरीकडे जातो आणि दिसेनासा होतो. दिसेनासा झाला, म्हणजे तो संपला का?"

कानिफनाथ नावाचे शेतकरी उठण्याच्या तयारीतच बसले होते. ते म्हणाले, "म्हंजी? संपत न्हाई व्हय?" आणि पुन्हा मांडी घालून बसले.

मग इंजिनावरून कोळसा, कोळशावरून वायू, असं करत बाई काचघरापाशी पोचल्या. काचेचं घर पुणतांब्यात पाहिलंय कोणी? बाईंनी कागद खाली ठेवला. "आपण घोंगडी पांघरतो ना, तशी ही हवेची घोंगडी समजा. ती असते म्हणून आपण गारठत नाही. पण धुराबरोबर ती जाड होत चाललीय."

"आन् उन्हाळ्यात बी अंगावरून काढता येत न्हाई म्हना की!" मालनबाई बायकांतून ओरडल्या. सगळा मंडप हसला, पण एकही माणूस उठला नाही. हेडमास्तर पुढे होऊन म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीचा विषय आत्ताच ठरवून टाका!" मी अण्णांच्या हातात होते. मला माझाच अभिमान वाटत होता.

जाता जाता कानिफनाथ थांबले. "बाई, लई ब्येस सांगितलं. पर जाड झाल्याली घोंगडी पातळ कशी करायची, त्येवढं ऱ्हायलं."

"ते मलाही माहीत नाही, कानिफनाथभाऊ," बाई म्हणाल्या. "शोधते."

घरी येताच त्यांनी माझ्यावरची सगळी टिपणं उतरवली आणि कानिफनाथांचा प्रश्न एका कोऱ्या कागदावर लिहून तो माझ्यावर टोचला. पुढे दरवर्षी नवी टिपणं आली, त्यांची भाषणं झाली, टिपणं उतरली. तो कागद मात्र चकतीला टेकून सगळ्यात खाली राहिला. आता तो पिवळा पडलाय आणि मला गंज चढलाय. मित्रांनो, मला तेलपाणी करू नका, कौतुकही नको. तेवढा एक कागद तुमच्यापैकी कोणीतरी उत्तर शोधून माझ्यावरून उतरवा.