जोडीनं घेतलेले विषय

आमच्या घरात वेळापत्रक आखायचं काम माझं. सकाळी अंघोळीला कोणी आधी जायचं इथपासून ते आम्हा दोघी जावांनी पदवीसाठी कुठला विषय कधी घ्यायचा इथपर्यंत. लग्नामुळे दोघींचंही शिक्षण अर्धवट राहिलेलं, म्हणून संध्याकाळच्या कॉलेजात आम्ही एकदमच नाव घातलं. माझा नियम सोपा होता: विषय जोडीनं घ्यायचे. एकाच पुस्तकात भागतं, आणि एखादीला जायला जमलं नाही तर दुसरीची टिपणं असतातच. मोठ्या जाऊबाईंची अट एकच, गणित नको. त्या ज्या दवाखान्यात कामाला आहेत, तिथे पावती फाडतानासुद्धा बेरीज दोनदा करतात.

आता शेवटचं सत्र उरलं होतं. मी ज्या शाळेत मदतनीस आहे, तिथे नव्या वर्षापासून वर्गशिक्षिकेची जागा मला मिळणार होती, पण पदवी हातात असेल तरच. कॉलेजच्या सल्लागार मॅडमकडे मी गेले तीच ऐटीत.

"पदवीला तुमचे तीन श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, कमी पडताहेत," मॅडम संगणकाकडे बघत म्हणाल्या.

"शक्यच नाही. सगळी आखणी माझी आहे."

"लग्नाआधी तुम्ही दुसऱ्या कॉलेजात 'व्यवसाय संवाद' केलात, ते श्रेयांक आम्ही धरले. नंतर इथे 'कार्यालयीन लेखन' घेतलंत. नावं दोन, पण विषय एकच मानतात. श्रेयांक एकदाच."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो विषय मी निव्वळ जाऊबाईंना सोबत म्हणून घेतला होता. पण डोक्याला हात लावून बसणं आपल्याला जमत नाही.

"मग या सत्रात एक विषय जास्त घेते. कुठला बसतोय?"

"शनिवारी दुपारचं संख्याशास्त्र. पण दहा जण झाले तरच वर्ग भरेल. तुम्हाला धरून नऊ होतात. मुदत शुक्रवारपर्यंत."

"दहावा मी आणते," मी म्हटलं आणि उठले.

घरी जाऊबाई मटार सोलत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "संख्याशास्त्र म्हणजे गणितच ना गं?"

"तुम्ही कशाला घाबरताय? तुमचे तर सगळे श्रेयांक जुळताहेत."

त्या पुन्हा मटार सोलायला लागल्या.

आठवडाभर मी कॉलेजात एकालाही सोडलं नाही. वाचनालयात, कॅन्टीनच्या रांगेत, जिन्यात, जो भेटेल त्याला संख्याशास्त्राचे फायदे ऐकवले. एक जण तर मला लांबून बघूनच मागे फिरला. आणि शुक्रवारी मॅडमचा फोन आला: दहावं नाव आलंय, वर्ग भरणार.

"बघितलंत? माझ्या बोलण्यात दम आहे!" मी घरभर मिरवले.

"आहेच मुळी," जाऊबाई म्हणाल्या.

शनिवारी वर्गात पाऊल टाकलं, तर पहिल्याच बाकावर जाऊबाई! मांडीवर पर्स, समोर कव्हर घातलेलं कोरं पुस्तक, आणि चेहरा दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा.

"जाऊबाई! अहो, हे तीन श्रेयांक तुमच्या काही उपयोगाचे नाहीत!"

"जाऊ दे."

"आणि नापास झालात तर? गुणपत्रिकेवर कायमचं राहील ते!"

"जाऊ दे म्हटलं ना! जाऊ आहे मी तुझी. 'जाऊ दे' मी नाही म्हणणार तर कोण म्हणेल? बस इथे. पुस्तक एकच आणलंय."

मला भरून आलं. त्या बाकावर जरा सरकल्या, मी शेजारी बसले.

सरांनी फळ्यावर आकडे मांडायला सुरुवात केली, तशी बाकाखालून जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, हे काय लिहितायत?"

"सांगते सगळं," मी म्हटलं आणि पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं. त्यांना पास करायचं काम आता माझं.