टचिंगबाईंचं कार्ड

“तो कॅमेरा काढ,” टचिंगबाईंनी स्क्रीनवर बोट टेकवून सांगितलं. “आणि तो गुलाबही. मी काय फुलं विकतेय?”

छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर प्रेसवालीने माउस फिरवला. कार्डाच्या कोपऱ्यातला कॅमेरा गेला, गुलाब गेला, कडेने फिरणारी फिल्मची पट्टीही गेली. पांढऱ्या चौकटीत उरलं ते बाईंचं नाव, त्याखाली ‘फोटोग्राफर’ हा शब्द आणि फोन नंबर. तो शब्द आपल्या नावाखाली पहिल्यांदाच पाहताना बाईंनी उगाचच दाराकडे नजर टाकली, कुणी बघत तर नाही ना म्हणून.

“फारच रिकामं दिसतंय, मावशी,” प्रेसवाली म्हणाली. “लग्न, वाढदिवस, असं काहीतरी टाकू या का खाली?”

“टाकू या की. मी सांगते ते टाक.” बाईंनी घसा साफ केला. “सुरकुत्या पुसून मिळणार नाहीत.”

प्रेसवालीची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या बाईंच्या नवऱ्याने हातातला पेपर खाली केला.

“काय म्हणालात?” प्रेसवालीने विचारलं.

“सुरकुत्या. पुसून. मिळणार नाहीत. एवढीच ओळ. टाईप कर.”

“अगं, आधी गिऱ्हाईक येऊ तर दे,” नवरा म्हणाला. “मग हाकलून लाव. दारातच काठी घेऊन कशाला उभी राहतेस?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ओळ जरा मोठी कर गं,” त्या प्रेसवालीला म्हणाल्या.

गावात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, सगळ्यांच्या त्या टचिंगबाई. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी उभं आयुष्य लोकांचे चेहरे स्वच्छ केले होते. आधी निगेटिव्हवर पेन्सिल आणि बारीक ब्रश, मग कॉम्प्युटर आणि माउस. डोळ्यांखालची वर्तुळं, हनुवटीवरचे तीळ, कपाळावरच्या आठ्या, देवीचे व्रण, सगळं त्यांच्या हाताखालून जाई आणि गुळगुळीत होऊन बाहेर येई. हात असा सफाईदार की टचिंग झालंय हे सांगूनही पटू नये. कॅमेऱ्याला मात्र त्यांनी हात लावायचा नव्हता. “बाई, तुम्ही तुमचं टचिंग बघा,” मालक म्हणत, “कॅमेरा राहू द्या माझ्याकडे.” आणि बाईंनी ते राहू दिलं होतं.

मग एक दिवस एक आजोबा ओळखपत्राचा फोटो न्यायला आले. त्यांनी पाकीट उघडलं, फोटो उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवर परत ठेवला. “हा माझ्या मुलाचा दिसतोय,” ते म्हणाले. “माझा द्या.” सगळा स्टुडिओ खदाखदा हसला. मालक तर डोळे पुसेपर्यंत हसले. आजोबा बिचारे ओशाळून फोटो खिशात घालून गेले. पडद्याआड बसलेल्या बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांना राग आला, आणि तो कुणाचा हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी जुना का होईना, स्वतःचा कॅमेरा घेतला. आणि कालच मालकांना सांगून टाकलं की, उद्यापासून मी येणार नाही. हे कार्ड चाललं तर ठीक, नाहीतर या वयात दुसरं कोण कामावर ठेवणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

“मावशी, रागावू नका,” प्रेसवाली आवाज खाली आणून म्हणाली. “पण लोक पैसे देतात ते चांगलं दिसायला. तुम्ही आधीच नाही म्हणून टाकलंत तर कोण फिरकेल? मला तर माझा फोटो टचिंगशिवाय बघवत नाही.”

“अजून मोठी कर.”

“अहो, पण...”

“आणि जाड कर.”

ओळ फुगली. नाव वर सरकलं, नंबर खाली दबला. बाकावरून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. “कुणी काही बोलू नका रे,” तो छताकडे पाहत म्हणाला. “आणखी दोन जण बोलले तर कार्डाऐवजी फलक छापावा लागेल.”

तेवढ्यात मालक आत आले.

त्यांच्या फोटोंची पाकिटं इथेच छापली जात. प्रेसवाली चटकन उठून उभी राहिली. एक हात तिने स्क्रीनसमोर धरल्यासारखा केला, पण तळहाताने केवढी ओळ झाकणार? मालकांनी चष्मा नाकावर चढवला आणि सगळं कार्ड सावकाश वाचलं. त्यांना मिरच्या झोंबल्या असणार, पण इतकी वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेला माणूस तो. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“छान,” ते म्हणाले. “हे माझ्यासाठी का?”

“तुम्ही कशाला?” बाई म्हणाल्या. “तुमचं कार्ड वेगळं आहे.”

“हे बघा बाई, भांडायला नाही आलो मी. एवढी ओळ काढून टाका. घरी जाऊन फोटो काढायची कामं येतात, माझ्याच्याने आता जिने चढवत नाहीत. ती सगळी तुमच्याकडे पाठवतो. अगदी तोंडभरून नाव घेऊन पाठवतो. मग झालं?”

प्रेसवालीने आशेने बाईंकडे पाहिलं. नवऱ्याने पेपरची घडी घातली. हे वाईट नव्हतं, अजिबात वाईट नव्हतं. बाईंना त्या क्षणी पुढचं सगळं वर्ष निवांत गेलेलं दिसलं, आणि त्या निवांतपणात पुन्हा हातात माउस घेऊन बसलेल्या त्या स्वतःच दिसल्या.

“मोठी कर गं ओळ,” त्या म्हणाल्या.

आता मालकांचा संयम सुटला. ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं.

“दुसऱ्यांच्या सुरकुत्यांवर शौर्य गाजवणं सोपं आहे, बाई. स्टुडिओच्या ओळखपत्रावर तुमचा जो फोटो आहे ना, तो कुणी साफ केला होता? मी? मला सगळं माहीत आहे हो. दर वेळी नवीन काढला की जेवणाच्या सुट्टीत तुम्ही स्वतः बसायचात. एवढंच आहे ना, तर टाका तुमचा फोटो कार्डावर. जसा येईल तसा.”

मागच्या खोलीत मशीन एकसुरी आवाजात कागद ओढत होतं. बाईंचे कान तापले. मालकांचं म्हणणं खोटं असतं तर त्यांनी जागच्या जागी उत्तर दिलं असतं.

मग त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

“मी?” तो दचकून म्हणाला. “अगं, मला टीव्हीचं बटण सापडत नाही.”

“हे एकच आहे. मी सांगते तेव्हा दाबा.”

त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरून आत येणारा उजेड एका गालावर पडेल, डोळे मिचमिचणार नाहीत, एवढं बघून पाय रोवले. पदर सारखा केला नाही, केसांवरून हात फिरवला नाही. नवऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला, बटण दाबलं. पहिल्यात नुसतं छत आलं. दुसऱ्यात बाई अर्ध्याच आल्या. तिसरा घेताना तो म्हणाला, “अगं, माझ्याकडे बघ की,” आणि बाईंनी बघितलं.

प्रेसवालीने तो फोटो कार्डावर चढवला.

बाई खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. सवयीने फोटो मोठा केला. त्यांच्यासमोर आली ती एक थकलेली, हट्टी बाई. भुवयांच्या मध्ये दोन खोल उभ्या रेघा होत्या. आयुष्यभर डोळे बारीक करून लोकांच्या रेघा शोधल्या, त्याच्या. ओठांच्या दोन्ही बाजूंना घड्या. डाव्या डोळ्याखालची कातडी सैल होऊन जराशी ओघळलेली. इतक्या वर्षांत हजारो चेहरे असे जवळून पाहिले होते, हा मात्र त्यांनी कधी पुरता पाहिलाच नव्हता. दिसायला लागला की पुसून टाकलेला. बाईंना तो आवडला नाही. अगदी स्पष्ट सांगायचं तर त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी गिळलं.

हात मात्र कुणाला विचारत नाही. माउस कधी फिरला ते त्यांनाही कळलं नाही. भुवयांमधली एक रेघ गेली. दुसरी गेली. डोळ्याखालची घडी विरघळली. नेहमीचीच सफाई, नेहमीचाच वेग.

“वा,” मालक मागून हळूच म्हणाले.

बाई थांबल्या. माउसवरचा स्वतःचा हात त्यांनी दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पाहिला. मग डाव्या हाताने कीबोर्डवरची दोन बटणं दाबली. डोळ्याखालची घडी परत आली. पुन्हा दाबली, एक रेघ आली. पुन्हा दाबली, दुसरी आली. सगळं जिथल्या तिथे बसलं.

“ती ओळ काढ,” त्या म्हणाल्या.

प्रेसवालीला आधी कळलंच नाही. “कुठली ओळ?”

“तीच. एवढी मोठी केलेली.”

“बघा!” मालकांनी हात झटकले. “मी काय वेगळं सांगत होतो? उगाच एवढा वेळ घालवलात.”

ओळ गेली. कार्डाचा मधला भाग एकदम मोकळा झाला.

“आता चेहरा मोठा कर,” बाई म्हणाल्या. “नाव आणि नंबर राहील एवढीच जागा सोड. बाकी सगळा चेहरा.”

प्रेसवालीने कोपरा धरून फोटो ओढला. चेहरा वाढत गेला, कार्डाच्या कडांना भिडला, आणि त्याबरोबर रेघाही वाढल्या. एक न एक रेघ दिसत होती. मालक आपल्या पाकिटांचं काय झालं हे न विचारताच पायऱ्या उतरून गेले.

नवरा उठून बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. आपण काढलेला फोटो त्याने मान वाकडी करून बघितला.

“आता तर लोक नक्की पळतील,” तो म्हणाला.

“पळू देत,” बाई म्हणाल्या. “थांबतील त्यांचे काढीन.”